सात औंसांचं दुपटं

बाळाचं वजन मोठ्याने सांगू नये, दृष्ट लागते, असं ग्वाल्हेरच्या आमच्या दाना ओली या गल्लीत मानतात. मी बावीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता बाळांची वजनं करते आणि मोठ्याने सांगते, कारण सांगितल्याशिवाय लिहिणारीला लिहिता येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या बायका मला बिचकून असतात. उरलेल्या निम्म्यांची बाळंतपणं मी केली आहेत, त्यांना बिचकून चालत नाही.

मी तिथल्याच लश्कर भागातल्या बाळंतिणींच्या एका लहान इस्पितळात परिचारिका आहे. चोवीस खाटा, एक डॉक्टरीणबाई, आम्ही पाच जणी आणि आया. शाळेत माझं गणित बरं होतं, म्हणून पहिल्याच वर्षी वजनाची वही माझ्याकडे आली आणि ती अजून माझ्याकडेच आहे. वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. माझ्या वहीत अशा रेघा कमी आहेत. एका पानावर मात्र ओळीने सोळा आहेत. त्या पानाबद्दलच लिहायचं आहे.

बाहेरच्यांना कळावं म्हणून आधी थोडं वजनाविषयी. मूल जन्मल्यावर पहिले तीन-चार दिवस घटतं. सहा पौंडांचं मूल पाच-सहा औंसांनी उतरलं तर घाबरायचं कारण नसतं. मग ते चढू लागतं आणि दहाव्या दिवसाच्या आगेमागे जन्माच्या वजनाला परत येतं. चौथ्या दिवसानंतरही उतरत राहिलं, तर कुठेतरी बिघडलं आहे. बाळाला बोलता येत नाही, आई थकलेली असते, आजी आपलंच म्हणणं खरं करत असते. म्हणून काट्याला विचारायचं. आमचा काटा तेव्हा पौंड-औंसांचा होता. एका बाजूला पितळेची लांबट पाटी, दुसऱ्या बाजूला दांडीवरून सरकणारं वजन. मूल उघडं करून पाटीत ठेवायचं, दांडी आडवी झाली की आकडा वाचायचा.

भोपाळ राजधानी झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही हकीकत. त्या दिवसांत कोण कुठे आहे हे कळेनासं झालं होतं. आधी आमचं संस्थान होतं. मग मध्य भारत झाला, तेव्हा राजधानी निम्मं वर्ष ग्वाल्हेरला आणि निम्मं इंदूरला. आता सगळंच भोपाळला. इस्पितळाच्या दारावरची पाटी दहा वर्षांच्या आत तीनदा रंगवली गेली. आमच्या यजमानांच्या कचेरीचं दफ्तर पेट्यांत भरून इंदरगंजातून आगगाडीने रवाना झालं होतं. त्या दफ्तरामागे आपणही जायचं की इथेच राहायचं, याचा हुकूम त्यांना आला नव्हता. ते रोज रिकाम्या कचेरीत जाऊन बसत आणि पाच वाजता परत येत.

आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंची बदली त्याच सुमारास झाली. जाताना त्या सांगून गेल्या, "फ्लू येतोय म्हणतात. बाळंतिणीला ताप आला तरी मूल तिच्याजवळच ठेवा. तिच्या तोंडाला फडकं बांधा, हात धुवायला लावा, दूध तिचंच द्या." त्या गेल्या, जबलपूरकडून नव्या बाई आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ भोपाळहून परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, ताप आलेल्या बाळंतिणीचं मूल दहा दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं, आईचं दूध देऊ नये, मुलाला कमीत कमी हात लावावा. दोघींपैकी कोण बरोबर ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं असं म्हणायचं धाडस होत नाही.

फ्लू मद्रासेला जहाजातून उतरला आणि रेल्वेने आमच्यापर्यंत आला, असं लोक सांगत. कडक उन्हाळा, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होतो, आणि त्या उकाड्यात बायका थंडीने कुडकुडत दाखल होत होत्या. गरोदर बाईला एकशे तीन-चार ताप चढला की दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात. छाती भरली तर दोन्ही जिवांवर बेततं. आमच्या पाचांतल्या दोघी स्वतःच आजारी पडल्या. धोब्याचं तर सगळं घरच अंथरुणाला खिळलं.

परिपत्रकाप्रमाणे औषधांच्या खोलीतली कपाटं बाहेर काढून तिथे सहा मुलं वेगळी ठेवली. त्यांना हात लावायचा तो फक्त रामकली आयाने. तिला महिन्याभरापूर्वीच ताप येऊन गेला होता. गाईच्या दुधात निम्मं उकळलेलं पाणी आणि थोडी साखर घालून ती ते बोंडल्याने पाजायची. आम्ही नाकातोंडाला फडकं बांधून दाराशी उभ्या राहायचो.

मग वजन कसं करायचं? मूल उघडं करायचं म्हणजे हाताळणं आलं. तेव्हा मी एक युक्ती काढली. हो, ती माझीच. इस्पितळाच्या एकाच ताग्याची, एकाच मापाची मलमलीची दुपटी होती, कडेला बोटभर रुंद दुमड घातलेली. कोरडं दुपटं मी तीनदा तोललं. तिन्ही वेळा सात औंस. मूल दुपट्यासकट पाटीत ठेवायचं आणि आकड्यातून सात वजा करायचे. धोबी नसल्यामुळे प्रत्येक घराला दोन-दोन दुपटी दिली. रोज एक घरी नेऊन उकळायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत व्हरांड्याच्या जाळीतून आत द्यायचं. रामकली त्यात मूल गुंडाळायची, दहाला पाटीत ठेवायची. मी दोन हातांवरून वाचायची. नव्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "हे छान केलंत. आता एक नियम ठेवू. सहाव्या दिवसानंतरही जे मूल घटत असेल, त्याला परिपत्रक बाजूला ठेवून आईजवळ द्यायचं. चढत असेल त्याचे दहा दिवस पुरे करायचे."

नियम चांगला होता. मला तो आवडला, कारण तो आकड्यांवर चालणारा होता.

त्या सहांत एक मुलगी आमच्या गल्लीतल्या शालूची होती. वीस वर्षांची शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा कचेरीबरोबर भोपाळला गेलेला. वडील संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते, रिसाला मोडल्यावर घरी बसले. आई म्हणजे माई, जिने मला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. कळा सुरू झाल्या तेव्हा शालूला एकशे तीन ताप होता. मुलगी झाली सहा पौंड दोन औंसांची, आणि तासाभरात ती औषधांच्या खोलीत गेली. शालूने तिला पुरतं पाहिलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी माई जाळीपाशी आल्या.

"कुसुम, पोरीला आईपासून का तोडलंय गं?"

"माई, शालूला ताप आहे. हुकूम आहे तसा."

"कुणाचा हुकूम? दरबारचा?"

"भोपाळचा."

"भोपाळला काय कळतंय बाळंतपणातलं! आधी जावई नेला, आता नातीवर हुकूम. बरं, उद्या पाचवी आहे. पूजा मांडायची तर बाळ नाही की बाळंतीण नाही. उशाखाली लोखंड तरी ठेवलंय का?"

"माई, अहो, अख्खी खाटच लोखंडाची आहे इथे."

जाळीपलीकडच्या दोन-तीन आज्या हसल्या. माई नाही हसल्या. "तुझ्या उशाशी अडकित्ता होता कुसुम, बारा दिवस. मीच ठेवला होता," एवढं बोलून त्या गेल्या. माझ्या त्या विनोदावर मी संध्याकाळपर्यंत खूश होते.

चौथ्या दिवशी मुलगी पाच पौंड बारा औंस होती. म्हणजे सहा औंस घट, अपेक्षेइतकी. पाचव्या दिवशी पाच पौंड साडेबारा. सहाव्या दिवशी पाच-तेरा. सातव्या दिवशी पाच-साडेतेरा. आठव्या दिवशी पाच-चौदा. रोज अर्धा औंस, रेघेत. खोलीतली आणखी तीन मुलं अशीच हळूहळू चढत होती. दोन मात्र उतरत होती. नियमाप्रमाणे ती दोन सातव्या दिवशी आपापल्या आईजवळ दिली. त्यांच्या घरच्यांची काळजी वाटली मला. उरलेल्या चारांचा अभिमान वाटला.

शालूचा ताप सहाव्या दिवशीच उतरला होता. भरून आलेलं दूध ती वाटीत पिळून काढायची आणि रामकली ते फेकून द्यायची.

"ताई, दे ना तिला," ती म्हणाली. "एकदाच. मैं मुँह पर कपड़ा बाँध लूँगी. तू समोर उभी राहा हवी तर."

मी तिच्यासमोर वही धरली. "हे बघ. रोज अर्धा औंस चढतेय. चारच दिवस राहिले. कशाला घाई करतेस?"

तिने आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही तिचं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

रामकलीने मला सांगितलं नव्हतं असं नाही. रोज मुलीला उचलल्यावर सांगत होती. "बाई, मोड़ी हल्की हो रही है."

"रामकली, काँटा देखो. बढ़ रही है."

"काँटा हमें पढ़ना नहीं आता. हाथ में हल्की लगती है."

"हात चुकतो. काटा चुकत नाही," मी तिला मराठीतच म्हणाले. अशी वाक्यं माणूस स्वतःसाठीच बोलतो.

आठव्या दिवशी आठवड्याचा तक्ता भोपाळला गेला. वेगळी ठेवलेली मुलं चार, चारही चढती, वजन करण्याची रीत अमुक. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला आणि नव्या बाईंनी सही केली.

नवव्या दिवशी धोबी बरा होऊन कामावर आला. त्याने पहाटेच उकळलेली दुपटी आणून दिली, तेव्हा रामकलीने घरून आलेली बाजूला ठेवून इस्पितळातली वापरली. दहा वाजता शालूची मुलगी पाटीत ठेवली. दांडी खाली आली. मी वजन मागे सरकवलं. आणखी मागे. सात वजा जाता पाच पौंड साडेचार औंस. काल पाच-चौदा होती. एका दिवसात साडेनऊ औंस कुठलंच मूल घटत नाही. पुढची तिन्ही मुलं तशीच. कुणी नऊ औंसांनी खाली, कुणी दहांनी.

काटा बिघडला असेल म्हणून पौंडाचं लोखंडी वजन पाटीत ठेवलं. बरोबर एक पौंड. दुपटं तोललं. सात औंस. मग वाटलं, मलाच ताप चढतोय, म्हणून आकडे धड वाचता येत नाहीत. थर्मामीटर लावला. साडेअठ्ठ्याण्णवलाही दोन रेघा कमी. मी वही हातात धरून मधोमध उभी होते आणि कालचं खरं की आजचं, हे कळायला काही मार्ग दिसत नव्हता.

रामकली माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, आज वो कीलें जो नहीं हैं."

"कौन सी कीलें?"

तिने बाजूला ठेवलेलं घरचं दुपटं आणून माझ्या हातात दिलं. मलमलीचं दुपटं पायपुसण्यासारखं लोंबलं. दुमडीत बोट फिरवलं तर ओळीने काहीतरी कडक लागलं. शिवण उसवली. आतून घोड्याच्या नालेचे खिळे निघाले. टोकं कानशीने घासून बोथट केलेली, प्रत्येक खिळ्याला कापसाचा वेढा. एका कडेला आठ. चारी कडांना बत्तीस. रिसाला मोडला तेव्हा दफेदारांनी एक डबाभर घरी आणले होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते नालेचे खिळे लोकांना दारावर ठोकायला देत असत.

"आपको पता नहीं था?" रामकली घाबरली. "हमने सोची, आपकी गली के हैं, आपके ही लोग हैं. आपसे पूछकर ही डाली होंगी."

हिशेब दोन मिनिटांचा होता. चार खिळ्यांना एक औंस. पाचवीला माईंनी बाधा अडवायला लोखंडाने एक दिशा बांधली, आठ खिळे, दोन औंस. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुपट्यात तेवढे आठ आणि आणखी आठ घालून दुसरी दिशा बांधली. असे चार दिवस, चार दिशा. व्हरांड्यातल्या तीन आज्यांनाही डब्यातले खिळे दिले. उरलेल्या दोघींनी हसून नको म्हटलं. त्या दोघींच्या नातवंडांचे आकडे तेवढे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच ती सातव्या दिवशी आईच्या कुशीत गेली होती. शालूची मुलगी पाचव्या दिवसापासून रोज दीड औंस उतरत होती. जन्माच्या वजनाचा सातवा हिस्सा गेला होता, आणि मी तिच्या आईला वही दाखवत होते.

मी फडकं घट्ट केलं, हात धुतले आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या मुलीला उचललं. रामकली जे पाच दिवस सांगत होती ते उचलताक्षणी हाताला कळलं. टाळू खोल गेली होती. ती रडत नव्हती. शांत मूल आहे, असं मी दारातून पाहून समजत होते.

कुणाला न विचारता तिला शालूजवळ नेलं. दुसऱ्या वॉर्डात असलेल्या नव्या बाई येईपर्यंत शालूने तिला छातीशी धरलं होतं.

"ताई, ओढतच नाहीये ही. इसको आता ही नहीं."

मुलीला ओढायची ताकद नव्हती, आणि शालूचं दूधही निम्म्यावर आलं होतं. वाटीत पिळून बोंडल्याने थेंब थेंब द्यायला लागलो. दर तासाला एक चमचा, मग दोन. नव्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, "तक्ता गेला?" मी म्हटलं, काल गेला. त्या म्हणाल्या, "आधी मुलं बघू." बाकीची तिघंही त्याच तासात आपापल्या आईकडे गेली.

दहाव्या दिवशी पाच पौंड चार औंस, कपड्याशिवाय. अकराव्या दिवशीही तेवढंच. माई जाळीशी बसून होत्या. मी त्यांच्यासमोर खिळे धरले होते, तेव्हा त्यांनी मलाच विचारलं होतं, "तुझ्या त्या खोलीत चहूकडून तापाचं वारं होतं. माझ्या नातीला ताप आला का?" नव्हता आला. वेगळ्या ठेवलेल्या चौघांपैकी कुणालाच आला नाही. आईजवळ दिलेल्या दोघांतल्या एकाला तीन दिवस आला, मग उतरला. पण त्या अकराव्या दिवशी माईंनी हळूच हाक मारली. "कुसुम, मी पोरीला राखत होते गं." मी म्हटलं, "माहीत आहे, माई. दुपटं मी उलगडून बघायला हवं होतं."

बाराव्या दिवशी सकाळी वॉर्डातून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं. शालू ओरडली, "ताई, ओढतेय! चावतेय मेली!" त्या दिवशी पाच पौंड पाच औंस. एकविसाव्या दिवशी सहा-दोन, आणि बारसं व्हरांड्यातच झालं. माईंनी पाळण्याखाली अडकित्ता ठेवला.

वहीत त्या चारांच्या चार दिवसांच्या सोळा आकड्यांवर रेघा मारल्या, बाजूला खरे आकडे लिहिले, सोळा सह्या केल्या. त्याच आठवड्यात भोपाळला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं, पण ते या पत्राचं उत्तर नव्हतं. तक्त्याबद्दल समाधान कळवलं होतं आणि माहितीसाठी तो इतर इस्पितळांना पाठवल्याचं लिहिलं होतं. मी दुसरं पत्र पाठवलं. ते इंदूरच्या कुठल्याशा कचेरीचा शिक्का घेऊन परत आलं. तिसरं रजिस्टरने पाठवलं. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. आमच्या यजमानांचं दफ्तरही तिकडे अजून पेट्यांतच पडून होतं, तेव्हा माझं पत्र कुठल्या पेटीत गेलं हे कुणी सांगावं! फ्लू ओसरला. मी स्वतःची समजूत घातली, की सरकारी तक्ते वाचतो कोण?

सहा-सात वर्षांनी आमच्याकडे एक परिचारिका बदलून आली. महाकोशलातल्या एका लहान गावाहून, मराठी बोलणारी, कामाला चोख. पहिल्याच सकाळी तिने मूल दुपट्यासकट पाटीत ठेवलं आणि म्हणाली, "सात वजा."

"हे कुणी शिकवलं?"

"फ्लूच्या साली तक्ता आला होता ना तुमच्याकडचाच. भिंतीवर लावला होता आम्ही."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मुलं किती दिवस लांब ठेवत होतात?"

"दहा. तुमच्यासारखीच."

"आणि वजनं?"

"घटायची," ती म्हणाली. "ग्वाल्हेरला चढतात आणि आपल्याकडेच कशी घटतात? आम्हाला वाटायचं, आमच्याच हातून काहीतरी चुकतंय. दूध बदललं, भांडी बदलली, एका आयाला तर काढून टाकलं."

"मग? मुलं?"

"काही राहिली. काही नाही. तापानेच गेली असतील. तेव्हा कोण मोजत होतं?"

त्या दिवशी मला तिला सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला वहीचं ते पान दाखवलं, रजिस्टरची पोच दाखवली, सगळं सांगितलं. तिने त्या सोळा रेघांवरून बोट फिरवलं. मग तिने एवढंच विचारलं.

"कुठल्या आयाला काढलं होतं माहीत आहे? मुलं हलकी लागतायत म्हणून जी रोज आईकडे द्या म्हणायची, तिला."